इन-इअर एव्हिएशन हेडसेट घ्यायचाय? आधी साधे इअरप्लग घ्या

खानदेशातला एप्रिल, दुपारचा एक. सेसना १५२ या छोट्या शिकाऊ विमानाची दोन्ही दारं उघडी ठेवून उभे राहिलो तरी आत भट्टी. अशात जाड गाद्यांचा हेडसेट कानांवर चढवला की दहा मिनिटांत कानामागून घामाची धार मानेत उतरते. गॉगलच्या काड्या कानशिलात रुततात. तासाभराची सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, संपवून हेडसेट काढला की डोक्यावर पट्ट्याचा वळ उमटलेला. मग प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, "सर, ते कानात घालायचे हेडसेट कसे असतात?"

छान असतात. मी गेली काही वर्षं तोच वापरतो. पण तो सगळ्यांच्या कानांना चालत नाही आणि सगळ्या विमानांतही चालत नाही. नवीन मुलं ब्रँड आणि किंमत बघून सुरुवात करतात. सुरुवात आपल्या विमानापासून करायची, मग आपल्या कानाच्या नळीकडे यायचं. ब्रँडचं नाव सगळ्यात शेवटी.

आधी हे कळू द्या की कान म्हणजेच लायसन्स

सेसना १७२ सारख्या पिस्टन विमानात क्रूझला, म्हणजे सरळ उडताना, ९० ते ९५ डेसिबलच्या आसपास आवाज असतो. अमेरिकेच्या नायोश संस्थेचं सूत्र असं आहे: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. आपल्याकडे सीपीएलसाठी, म्हणजे कमर्शिअल पायलट लायसन्ससाठी, २०० तास उडायचं असतं. एवढे तास ढिल्या हेडसेटमध्ये काढले तर त्याचा हिशोब क्लास वन मेडिकलच्या, म्हणजे वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीच्या, ऑडिओमेट्रीत (श्रवणचाचणीत) चुकवावा लागतो. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) निकषानुसार प्रत्येक कानाची ऐकण्यातली घट ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त चालत नाही.

म्हणून 'आरामदायी' हा शब्द वापरताना जरा जपून. कानात हलका बसतो पण आवाज आत येऊ देतो, असा हेडसेट आरामदायी नसतो. तो तुम्हाला व्हॉल्यूम वाढवायला लावतो.

पहिली पायरी: आपलं विमान कोणतं?

गंमत अशी की इन-इअर हेडसेट दोन अगदी वेगळ्या जातींचे असतात आणि दुकानाच्या पानावर ते शेजारी शेजारी दिसतात.

एका जातीत मेमरी फोमची बोंडं असतात. पिळून कानात खोल घालायची, आत गेली की ती फुगतात आणि नळी बंद करतात. क्लॅरिटी अलॉफ्ट आणि क्वाएट टेक्नॉलॉजीजचा हेलो हे या जातीचे. यांत आवाज मारणारं इलेक्ट्रॉनिक्स नसतं, त्यामुळे त्यासाठी बॅटरी लागत नाही. रेडिओचा आवाज एका बारीक नळीतून फोमच्या मधल्या भोकातून पडद्याकडे जातो. डोक्यावर जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम वजन. जुना डेव्हिड क्लार्क हिरवा हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, त्याच्याशी तुलना करून बघा.

दुसऱ्या जातीत कानाच्या तोंडाशी अलगद टेकणारी मऊ सिलिकॉनची टोकं आणि आवाज रद्द करणारं इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे एएनआर. बोस प्रोफ्लाइट सीरीज २ हे त्याचं ठळक उदाहरण. वजन साधारण १२८ ग्रॅम. सिलिकॉन खोल जात नाही म्हणून कानाला फार सुखाचं वाटतं, आणि इथेच नवखे फसतात. तो जेटच्या तुलनेनं शांत कॉकपिटसाठी बनवलेला आहे. एअरबस किंवा बोइंगच्या कॉकपिटमध्ये मुख्यतः वाऱ्याचा आणि एसीचा सूसू आवाज असतो. सेसनात तुमच्या पायांपुढे चार सिलेंडरचं इंजिन आणि दोन पात्यांचा पंखा धडधडत असतो.

हिशोब करून बघा. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे. दोन पाती, म्हणजे सेकंदाला ८० थपडा. चार सिलेंडरचं फोर-स्ट्रोक इंजिनही प्रत्येक फेऱ्यात दोनदा फायर होतं, म्हणजे पुन्हा ८०. पंखा आणि इंजिन एकाच ८० हर्ट्झच्या ठोक्यावर तुम्हाला झोडपतात. एवढ्या खालच्या सुरातला, एवढ्या जोराचा आवाज अडवायला एकतर नीट बसलेला फोम हवा, नाहीतर कान पूर्ण झाकणारा एएनआर हेडसेट.

तेव्हा माझं मत सरळ आहे. पिस्टन ट्रेनरवर शिकताय आणि इन-इअरच हवाय, तर फोमवाला घ्या. सिलिकॉन आणि एएनआरवाला एअरलाइनमध्ये लागल्यावर बघा. "पुढे लागणारच आहे तर आत्ताच घेऊन ठेवतो" असं म्हणून हजार डॉलरच्या घरातली वस्तू ट्रेनिंगमध्ये आणू नका. तोवर दोन-तीन वर्षं जातात, आणि कंपनीत कोणतं विमान मिळेल हे आज कुणाला ठाऊक?

दुसरी पायरी: प्लग

याला दोन मिनिटं पुरतात, पण ती द्याच. ट्रेनर विमानांत दोन वेगवेगळ्या जाडीचे प्लग असतात. जाड, पाव इंचाचा पीजे-०५५ ऐकण्यासाठी आणि किंचित बारीक पीजे-०६८ माइकसाठी. हेलिकॉप्टरचा यू-१७४ हा एकच प्लग असतो, तो ट्रेनरच्या भोकात जात नाही. एअरबसमध्ये बऱ्याचदा पाच पिनांचा एक्सएलआर, तर बोइंग ७३७ मध्ये पुन्हा दोन प्लग. सिरससारख्या काही विमानांत पॅनेलवरूनच वीज देणारा सहा पिनांचा लेमो मिळतो. जुना हेडसेट कमी किमतीत देणारा सीनिअर कोणतं विमान उडवतो ते आधी विचारा, नाहीतर अडॅप्टर शोधत फिराल.

त्यातच आणखी एक पाहून घ्या: मोनो-स्टिरिओचं बटण. जुन्या १५२ चा इंटरकॉम मोनो असतो. हेडसेट स्टिरिओवर राहिला तर एका कानात सगळं नीट आणि दुसरा ठार बंद. पहिल्या सॉर्टीला घाबरून जाणारे बरेच बघितलेत.

तिसरी पायरी: इअरप्लगची परीक्षा

शीर्षकातली गोष्ट हीच. हेडसेटला हात लावण्याआधी मेडिकलमधून किंवा सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानातून फोमचे साधे इअरप्लग आणा. पिवळे किंवा केशरी, पिळून घालायचे. अगदी किरकोळ पैशांत मिळतात. ते घालून घरी सलग दोन तास बसा. अभ्यास करा, जेवा, जांभया द्या, मान वळवून मागे बघा.

घालायचीही एक रीत आहे आणि दहातल्या आठ जणांना ती येत नाही. हात धुवा. बोंड तर्जनी आणि अंगठ्यात फिरवत फिरवत सुपारीच्या खांडाएवढं नव्हे, काडीएवढं बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका. आता उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून पलीकडे न्या आणि उजव्या कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. त्यानं कानाची वाकडी नळी सरळ होते. बोंड आत सरकवा आणि बोटाच्या टोकानं २० ते ३० सेकंद दाबून धरा. फोम हळूहळू फुगतो आणि खोलीतल्या पंख्याचा आवाज कुणी बटण फिरवल्यासारखा मावळत जातो. तो मावळताना ऐकू आला तर बोंड नीट बसलं.

मग दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून बघा. आवाज आणखी बराच कमी झाला तर बोंड गळतंय, काढून पुन्हा घाला. फारसा फरक पडला नाही तर छान. हीच परीक्षा पुढे विमानात रन-अपच्या, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन-तपासणीच्या, वेळी करायची आहे, म्हणून आत्ताच हाताला सवय लावा.

दोन तासांनी काय वाटतंय? नळीत ठणका असेल तर बोंड मोठं आहे. आपोआप बाहेर सरकत असेल तर एकतर लहान आहे किंवा पुरेसं खोल गेलेलं नाही. आणि डावा-उजवा कान सारखेच असतात असं धरून चालू नका. माझ्या डाव्या कानाला मधला साइज लागतो, उजव्याला लहान. डब्यात म्हणूनच वेगवेगळे साइज देतात, ते फेकू नका.

काहींना कानात काही गेलं ही भावनाच सहन होत नाही. तसं असेल तर इथेच थांबा. चांगला हलका एएनआर ओव्हर-इअर घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

ज्यांचा कान लहानपणी वाहायचा, पडद्याला भोक आहे किंवा होतं, कानात खाज, बुरशी, इसब होतं, त्यांनी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात, कानातली बुरशी नवलाची नाही, आणि बंद नळीत ती आनंदानं वाढते. मळ जास्त होणाऱ्यांनीही एकदा साफ करून घ्यावा. बोंड तो मळ आत ढकलतं. घरी काडी किंवा हेअरपिन घालू नका, एवढं सांगायची वेळ खरं तर येऊ नये.

चौथी पायरी: माइक आणि तार

सगळे कानांचंच बोलतात. पण टॉवरला तुमचे कान ऐकू येत नाहीत, माइक ऐकू येतो. कान झाकणाऱ्या हेडसेटला माइकची दांडी धरायला भक्कम वाटी असते. इन-इअरमध्ये तो आधार फक्त एका पातळ तारेचा. म्हणून हेडसेट घालून मान जोरात डावी-उजवी करा, बेसला, म्हणजे उतरण्याआधीच्या टप्प्यावर, वळताना रनवे बघायला करता तशी. माइक जागेवर राहिला पाहिजे.

माइक ओठांच्या कोपऱ्याशी, इतका जवळ की मध्ये तांदळाचा एक दाणा मावेल. हनुवटीशी लोंबता माइक म्हणजे कंट्रोलरला तुमच्याऐवजी इंजिन ऐकवणं. हे माइक पुढून आणि मागून दोन्हीकडून ऐकतात, दोन्हीकडे सारखा येणारा गोंगाट वजा करतात आणि फक्त जवळून आलेला आवाज ठेवतात. लांब धरला की ही करामत चालत नाही. बहुतेकांवर बोलायची बाजू दाखवणारा ठिपका किंवा खूण असते. ती ओठांकडे हवी.

वायरला क्लिप असेल तर ती शर्टाला लावा. नाहीतर अख्ख्या वायरचं वजन कानातल्या बोंडावर येतं, आणि कितीही चांगला बसवलेला फोम अर्ध्या तासात सैल पडतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चष्मेवाल्यांना इन-इअर म्हणजे वरदान. ओव्हर-इअरच्या गादीखाली काडी आली की फट पडते आणि आवाज आत शिरतो, इथे तो प्रश्नच नाही. पगडी बांधणारे, केसांचा अंबाडा घालणाऱ्या मुली, यांनाही डोक्यावरच्या रुंद पट्ट्यापेक्षा मागून जाणारी बारीक तार बरी पडते. मात्र अंबाड्यावर तार नेमकी कुठे टेकते ते घालूनच बघा.

पाचवी पायरी: जमिनीवर, मग हवेत

नवा हेडसेट घेऊन थेट सोलोला जाऊ नका. पहिल्या दोन-तीन सॉर्टी इन्स्ट्रक्टरबरोबर, आणि जुना हेडसेट मागच्या सीटवर तयार.

बोंडं बसवा, प्लग घट्ट दाबा, मास्टर (मुख्य वीज) आणि एव्हिऑनिक्स (रेडिओ वगैरे) चालू केल्यावर आधी इंटरकॉमवर बोला. स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटेल. घाबरू नका. नळी बंद झाल्यावर हाडांतून येणारा आवाज आतच कोंडतो. बोंड थोडं अधिक खोल गेलं की हे कमी होतं, चार-पाच सॉर्टीत सवयही होते. इंटरकॉमचा स्क्वेल्च, म्हणजे कुणी बोलत नसताना माइक बंद ठेवणारं बटण, असा लावा की गप्प बसल्यावर तो बंद राहील आणि पहिला शब्द न तोडता उघडेल. मग रेडिओ चेक. "रीडेबिलिटी फाइव्ह" (म्हणजे अगदी स्पष्ट) येईपर्यंत टॅक्सी नाही.

रन-अपला, म्हणजे मॅग्नेटो (इंजिनची ठिणगी देणारे भाग) बघताना, तळहातांची ती परीक्षा पुन्हा करा. व्हॉल्यूम जितका शांत खोलीत ठेवाल त्याच्या जवळपास असावा. बराच वाढवावा लागत असेल तर चूक बोंडात आहे, रेडिओत नाही.

हे शेवटचं वाक्य मी फार महागात शिकलो. शिकत असताना सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, डाउनविंडला (रनवेला समांतर टप्प्यावर) होतो आणि उजव्या कानातला आवाज कमी कमी होत गेला. टॉवरचा एक कॉल मला कळलाच नाही, इन्स्ट्रक्टरनं उत्तर दिलं. उतरल्यावर मी रुबाबात विमानाच्या नावे स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहिली: ऑडिओ वीक, राइट साइड. एएमई (विमानाची देखभाल करणारे इंजिनिअर) काका आले, स्वतःचा हेडसेट लावून दोन मिनिटं ऐकलं आणि काही न बोलता माझा हेडसेट मागितला. उजवं बोंड फिरवून काढलं, उजेडाकडे धरलं. मधल्या भोकातून आकाश दिसायला हवं होतं. मला दिसला तो माझाच मळ. "विमान चांगलं आहे बेटा," ते म्हणाले, "स्नॅग तुझ्या नावे लिहू का?"

तेव्हापासून दर सॉर्टीआधी दोन्ही बोंडांच्या भोकांतून आरपार बघतो. प्रीफ्लाइटचाच, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीचाच, भाग समजा.

आणखी एक प्रीफ्लाइट. सेसना १५२ आणि १७२ मध्ये स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल कमी पडण्याआधी सावध करणारा, भोंगा विजेवर चालत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं, तिथून हवा खेचली गेली की आतली पत्ती वाजते. तपासताना रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढतात, ते तुम्ही केलंच असेल. हा आवाज इंटरकॉममधून येत नाही, थेट केबिनमधून कानावर पडतो. फोमचं बोंड घालून तो तुम्हाला किती ऐकू येतो, हे इन्स्ट्रक्टरबरोबर पुरेशा उंचीवर स्टॉलचा सराव करताना मुद्दाम तपासा. मंद येतो पण येतो. तो मंद भोंगा ओळखायची कानाला सवय हवी.

खाली उतरताना कानाला दडे बसणं नेहमीचंच, पण इथे बाहेरूनही नळी बंद आहे. थुंकी गिळत राहा, लागलं तर नाक दाबून हलकी फुंकर. तरी ओढ जाणवली तर एका कानातलं बोंड किंचित फिरवून सैल करा, हवा जाऊ द्या. बोंड कधीही हिसका देऊन काढू नका. फिरवत, सावकाश. सर्दी झालेली असेल तर हेडसेट कुठलाही असो, त्या दिवशी उडूच नका.

एअरलाइनमध्ये जाणाऱ्यांसाठी थोडंसं

तिथे हिशोब उलटतो. कॉकपिट शांत, ड्यूटी लांब, आणि शेजारच्या माणसाशी सतत बोलणं. ट्रान्झिशन लेव्हल या ठरलेल्या उंचीच्या खाली बूम (तोंडापुढच्या दांडीच्या) किंवा थ्रोट (गळ्याच्या) माइकवरूनच बोलायचं हा आयकाओचा दंडक आहे, म्हणून हेडसेट कानात असतोच. तिथे खोल फोम काहींना कोंडल्यासारखा वाटतो आणि सिलिकॉनवाला एएनआर शोभून दिसतो. बाहेरचं बोलणं आत सोडणारी सोय असेल तर जास्तच बरं. फक्त स्वतःचा हेडसेट चालतो का, कोणत्या मान्यतेचा चालतो, हे कंपनीला विचारूनच पैसे भरा. टीएसओ-सी१३९ हा अमेरिकेच्या एफएएचा शिक्का बऱ्याच ठिकाणी मागतात, आणि तो सगळ्याच मॉडेलांवर नसतो.

पैसे, जुना माल आणि काळजी

आपल्याकडे हे बहुतेक बाहेरूनच येतात, तेव्हा डॉलरमधल्या किमतीवर शिपिंग आणि कस्टम ड्यूटी धरा. अमेरिकेतून कुणी नातेवाईक येणार असेल तर त्यांच्याकडून मागवायची आपली जुनी रीत आहेच, पण मग वॉरंटीसाठी पार्सल पुन्हा तिकडेच पाठवावं लागेल हेही लक्षात ठेवा. फोमवाला घेताना बोंडांची दोन-तीन जादा पाकिटं त्याच ऑर्डरमध्ये टाका. फोम दाबल्यावर पूर्वीसारखा सावकाश न फुगता एकदम उसळायला लागला, किंवा कडक झाला, की तो संपला.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण बोंडं जुन्या मालकाकडेच राहू द्या आणि नळ्या साफ करून किंवा बदलून घ्या. शक्यतो प्रत्यक्ष विमानात लावून माइक तपासा, मोबाइलला जोडून काही कळत नाही. आणि हा हेडसेट मित्राला "एक सॉर्टी दे ना" म्हणून द्यायचा नसतो. तो दात घासायच्या ब्रशाच्या जातीतला आहे.

बोंडं स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं पुसू नका, फोम खराब होतो. ओलसर फडक्यानं पुसा, वाऱ्यावर सुकवा. घामेजलेला हेडसेट तसाच डब्यात बंद करून ठेवला तर पावसाळ्यात दोन दिवसांत वास येतो. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, एक जादा माइक-फोम आणि सुट्या बोंडांचं पाकीट ठेवा. माझ्या डब्यात अजूनही त्या पिवळ्या इअरप्लगची एक जोडी असते. हेडसेट बिघडला आणि स्कूलचा सैल, घामट हेडसेट उधार घ्यावा लागला, तर आधी ते कानात घालतो, वरून हेडसेट, आणि त्याच दिवशी तेवढा व्हॉल्यूम वाढवतो.